लिंबाचा डाग आणि रविवारपर्यंतची ऑफर

पत्र थोडक्यात: लिहिणारी 27 वर्षांची आहे, पहिलीच नोकरी, पगार बेताचा. ऑनलाइन सेल लागला की तिला राहवत नाही. एकावर एक फ्री, कॉम्बो, मिनी किट असं करत कपाटात अर्धवट वापरलेल्या बाटल्यांची रांग लागली आहे आणि त्यांतल्या निम्म्या तिला मानवलेल्याच नाहीत. शेवटी वैतागून तिने 'आता केमिकल बंद, सगळं घरचं' असं ठरवलं. मुरुमांच्या डागांवर ती आठवड्यातून तीनदा लिंबू आणि खाण्याचा सोडा लावू लागली. पहिले काही दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटला. महिन्याभराने गालांवर आणि ओठांच्या कडेला ओघळ आल्यासारखे तपकिरी डाग उठले, आणि आता नुसत्या पाण्यानेही चेहरा चुरचुरतो. तिची 16 वर्षांची बहीण ताईचं बघून तेच करू लागली आहे. त्यातच एका महागड्या कंपनीचा सात वस्तूंचा संच 60 टक्के सवलतीत मिळतो आहे, रविवारी रात्रीपर्यंत. त्यात फेसवॉश, टोनर, दोन सीरम, डोळ्यांखालचं क्रीम, रात्रीचं क्रीम आणि मास्क आहे. ती विचारते, 'एकदाच पैसे घालून चांगलं काहीतरी घेऊ, की घरगुतीच नीट शिकून करू? स्वस्तात नेमकं काय जमतं?'

आधी तातडीचं बोलू. लिंबू आणि सोडा आजच बंद करा. 'हळूहळू कमी करते', 'एक दिवसाआड लावते' असली तडजोड नको. कपाटातली सीरमं, टोनर, स्क्रब हेही तूर्त बाजूला ठेवा. पुढचे तीन-चार आठवडे चेहऱ्याला तीनच गोष्टी द्या: रात्री सौम्य, बिनवासाचा फेसवॉश (सकाळी साधं पाणी पुरे), दिवसातून दोनदा साधं मॉइश्चरायझर आणि बाहेर पडण्याआधी सनस्क्रीन. सनस्क्रीनने आग झाली तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, ते चिडलेल्या त्वचेला सहसा कमी झोंबतं. तेही सोसत नसेल तर काही दिवस टोपी, ओढणी आणि सावली यांच्यावर भागवा.

आता तुमच्या चेहऱ्याचं काय झालं असावं ते सांगते, कारण त्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 5च्या आसपास. लिंबाच्या रसाचा पीएच 2च्या आसपास. ऐकायला फरक तीनच आकड्यांचा, पण या मोजपट्टीवर प्रत्येक आकडा दहापटीचा असतो. म्हणजे रस त्वचेपेक्षा सुमारे हजारपट आम्ल. सोड्याचं पाणी उलट टोकाला, पीएच 8च्या थोडं वर. दोन्ही एकत्र केले की फसफसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, चला, आतला मळ निघाला! तो फेस म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइड. लिंबू आणि सोडा एकमेकांना भिडले की तो निघणारच, वाटीत कालवा की गालावर. मळाशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय घरी चमच्याच्या अंदाजाने मिश्रण करताना एक दिवस लिंबू जास्त पडतं, एक दिवस सोडा. त्वचेचा सगळ्यात वरचा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, आणि आतलं पाणी आत, बाहेरचं बाहेर ठेवण्याचं काम तो करतो. महिनाभर त्याला कधी या टोकाला, कधी त्या टोकाला ओढल्यावर पाणी झोंबणार नाही तर काय होणार?

आणि ते ओघळ. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी प्रतिक्रिया येते. गंमत म्हणजे ती लगेच दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी जोर धरते, त्यामुळे लिंबावर संशयच येत नाही. रस जिथून ओघळला किंवा बोटं जिथे लागली, नेमक्या त्याच आकाराचे तपकिरी डाग उठतात आणि ते आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत राहतात. तुमचे डाग असेच आहेत की नुसत्या जळजळीनंतरचे काळे डाग आहेत, हे पत्रावरून सांगता येणार नाही, डॉक्टरांनी पाहायला हवं. पण दोन्हींपैकी काहीही असलं तरी पथ्य एकच. छेडायचं नाही आणि ऊन टाळायचं.

मग सुरुवातीला चेहरा उजळला तो भास होता का? पूर्णपणे नाही. आम्लाने वरच्या मृत पेशी सुटल्या, चेहरा थोडा गुळगुळीत झाला, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश नीट परावर्तित होतो. त्यात हलकी सूज आली की त्वचा ताणल्यासारखी, तुकतुकीत दिसते. म्हणजे ज्याला तुम्ही गुण म्हणत होतात, तो बहुधा त्रासाचाच पहिला टप्पा होता.

'घरचं' असलं की ते सौम्य असणार, हे तुम्ही गृहीत धरलंत. यात तुमचा दोष नाही, सगळेच धरतात. पण त्वचेला पदार्थ कुठून आला हे कळत नाही. तिला कळतं ते एवढंच की तो किती तीव्र आहे, किती वेळ लागून राहिला आणि त्यावर ऊन पडलं का. दुकानातल्या आम्लवाल्या सीरमवर निदान प्रमाण छापलेलं असतं. लिंबावर कुठे असतं? सुगंधी तेलांचंही तसंच. टी ट्री, लॅव्हेंडर ही झाडाचीच देणगी, पण बाटली उघडून महिने गेले की हवेने त्यांतले घटक बदलतात आणि मग ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. चेहऱ्यावर ती तशीच थेट चोळणारी माणसं पाहिली की मला धडकी भरते.

याचा अर्थ घरगुती सगळं वाईट असा घेऊ नका. काही गोष्टी खरोखर कामाच्या आहेत, आणि चेहरा शांत झाल्यावर त्या करायला माझी मुळीच हरकत नाही.

पहिला मान ओट्सचा. साधे, बिनसाखरेचे, बिनस्वादाचे ओट्स मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे दळा. जमलंय की नाही हे पाहायची खूण सोपी आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर पीठ ढवळा. पाणी दुधाळ झालं आणि पीठ लगेच तळाशी बसलं नाही तर ठीक, रवाळ राहिलं तर पुन्हा दळा. मग थोडं पीठ कोमट पाण्यात कालवून चेहऱ्यावर थापायचं, चोळायचं नाही. दहा मिनिटांनी, वाळून टरटरायच्या आत धुवायचं. अशा बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 साली त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली. खाज आणि कोरडेपणा यांवर ते खरंच उपयोगी आहेत. डाग मात्र जाणार नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

मध पाणी धरून ठेवतो, म्हणून पातळ थर पंधरा मिनिटं लावून धुतला तर त्वचा मऊ लागते. परागकणांची ॲलर्जी असेल तर मात्र मधाच्या वाटेला जाऊ नका. कोरफड चालेल, पण पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक निघतो तो चिडवणारा असतो. पान उभं धरून चीक निथळू द्या, मग साल काढून आतला पारदर्शक गर पाण्याने धुऊन घ्या. बाकी थंड पाण्याची घडी आग शमवायला आणि ऊन पाण्याची घडी दुखऱ्या, आत दबलेल्या फोडावर. यांना एक पैसा लागत नाही आणि त्यांचं कौतुकही कोणी करत नाही, कारण त्यांची जाहिरात करून कोणाला काही मिळत नाही.

तेलांबाबत लोक फार भावुक होतात. हातापायांच्या कोरड्या त्वचेला खोबरेल उत्तम. मुरुम येणाऱ्या चेहऱ्याला मात्र ते रंध्रं बुजवू शकतं. ऑलिव्ह तेल ऐकायला भारी वाटतं, पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही आठवडे रोज ते लावल्यावर त्वचेचा वरचा थर कमकुवत झाल्याचं दिसलं. त्याच अभ्यासात साध्या सूर्यफुलाच्या तेलाने तसं काही केलं नाही. साखर किंवा कॉफीचा स्क्रब टाचांना, कोपरांना लावा हवा तर, चेहऱ्याला नाही. मुरुमांवर टूथपेस्ट, अंड्याचा पांढरा बलक हे विसरून जा.

आणि काही गोष्टी घरी कधीच करू नयेत. त्यात सगळ्यात वरचा नंबर सनस्क्रीनचा. झिंक ऑक्साइडची पूड आणून क्रीममध्ये कालवली की झालं, असं सांगणारे बरेच भेटतील. पण पूड सगळीकडे सारखी पसरत नाही, तिच्या गुठळ्या होतात. जिथे गुठळी नाही तिथे ऊन सरळ आत. आणि ते डोळ्यांना दिसत नाही, दिसतं ते थेट भाजल्यावर. व्हिटॅमिन सी सीरमचंही तेच. ते त्वचेत शिरायला पीएच 3.5च्या खाली आणि प्रमाण साधारण 10 ते 20 टक्के लागतं. घरी पाण्यात पूड विरघळवली तर काही दिवसांत ती पिवळी-तपकिरी पडते, म्हणजे तिचा जीव गेलेला असतो. संत्र्याची साल वाटून लावल्याने तर यातलं काहीच होत नाही.

तिसरी गोष्ट, पाणी असलेलं काहीही बरणीत भरून ठेवणं. ज्या प्रिझर्व्हेटिव्हला आपण नाकं मुरडतो, ते नसेल तर गुलाबपाणी, कोरफडीचा गर, दही, काकडीचा रस यांत जंतू वाढू लागतात. वास यायला किंवा बुरशी दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी. फ्रिजमध्ये हा वेग कमी होतो, थांबत नाही. तुमच्यासारख्या आधीच सोललेल्या चेहऱ्यावर असलं पाणी फवारणं म्हणजे उघड्या जखमेशी खेळ. म्हणून घरचा लेप एका वेळेपुरता करा, लावा, उरलेला फेकून द्या. 'आठवडाभर टिकतं' असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

आता तुमच्या संचाकडे येऊ. इथे दुसरं गृहीतक आहे, सवलत म्हणजे बचत.

जरा हिशेब करू. सात वस्तूंची एकत्र किंमत 100 धरा. 60 टक्के सूट, म्हणजे तुम्ही 40 देणार. तुमच्या आत्ताच्या चेहऱ्याला या सातांतलं काय चालेल? फेसवॉश, सौम्य असेल तर. रात्रीचं क्रीम, बिनवासाचं असेल तर. बस. टोनर, दोन सीरम आणि मास्क पुढचा महिनाभर हातसुद्धा लावायचा नाही. डोळ्यांखालचं क्रीम बहुतेक वेळा लहान डबीतलं मॉइश्चरायझरच असतं, फक्त चढ्या किमतीला विकलेलं. सगळ्या वस्तूंची किंमत सारखी धरली तर दोन वस्तू सुट्या आणि पूर्ण किमतीला घेऊनही 29च्या आत बसतात. म्हणजे 60 टक्के सवलतीतही तुम्ही 11 जास्त मोजणार, वर पाच बाटल्या घरी आणणार, ज्या त्या रांगेत जाऊन उभ्या राहतील. आणि ज्या गोष्टीची तुम्हाला आत्ता खरी गरज आहे ते सनस्क्रीन त्या संचात नाहीच!

संच घेताना मिलीलिटर बघायची सवय लावा. किटमधली बाटली फोटोत मोठी दिसते, प्रत्यक्षात 15 मिली असते, तर सुटी 30 किंवा 50 मिलीची. किंमत भागिले मिली हा एवढाच हिशेब मोबाइलवर केला तरी बऱ्याच ऑफरमधली हवा निघून जाते. आणि ते उलटं धावणारं घड्याळ. ते तुमच्यासाठीच लावलेलं आहे. विचार करायला वेळ मिळाला तर माणूस घेत नाही, हे विकणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. अशी ऑफर रविवारी संपते आणि बहुतेकदा पुढच्या एखाद्या निमित्ताने दुसऱ्या नावाने पुन्हा उगवते.

मी सेलच्या विरोधात नाही. मीही सेलची वाट बघते. पण ज्या वस्तूची आधीची बाटली तळाला गेली आहे आणि जी आपल्याला मानवते हे माहीत आहे, तिच्यासाठी. कधीही न वापरलेली वस्तू सेलमध्ये घ्यायचीच असेल तर सगळ्यात लहान आकाराची. साठा करायचा तर संपायची तारीख बघून. शिवाय बऱ्याच डब्यांवर उघड्या बरणीचं चित्र असतं आणि त्यात 6M किंवा 12M लिहिलेलं असतं. उघडल्यावर किती महिने वापरायचं, याचा तो आकडा. वर्षभरात तीन बरण्या संपत असतील तर सहा बरण्यांची सूट आपल्या काय कामाची?

फार मोठी सूट आणि अनोळखी विक्रेता ही जोडी दिसली की सावध व्हा. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2018 साली एक अहवाल प्रसिद्ध केला. लोकप्रिय ऑनलाइन बाजारांतून, त्रयस्थ विक्रेत्यांकडून त्यांनी 47 वस्तू मागवल्या होत्या, त्यांतल्या 20 बनावट निघाल्या. त्यांतली सौंदर्यप्रसाधनं तर सगळीच बनावट होती. बनावट फेसवॉशने नुसते पैसे गेले तर नशीब म्हणायचं, आत काय घातलंय हे कोणालाच माहीत नसतं. कंपनीची स्वतःची साइट किंवा तिने नेमलेला विक्रेता, सीलबंद खोका, बॅच नंबर आणि तारीख. यांतलं काही गायब असेल तर ऑफर कितीही गोड असो, सोडा.

याच ओघात जरा नाजूक गोष्ट. पत्राची सुरुवात तुम्ही मुरुमांच्या डागांपासून केलीत आणि शेवटाकडे येताना 'रंग उजळला तर बरं' यावर आलात. या दोन वेगळ्या इच्छा आहेत. डागांवर उपाय आहेत, वेळ लागतो पण आहेत. मुळातला रंग बदलायचा उपाय विकणारा माणूस मात्र एक तर काही न होणारी वस्तू विकतो, किंवा जे व्हायला नको ते होणारी. रंग उजळवणाऱ्या काही स्वस्त क्रीममध्ये पारा सापडतो, काहींमध्ये न सांगता तीव्र स्टेरॉइड घातलेलं असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा झळकतो आणि बंद केलं की दुप्पट लाल होतो, ही त्या स्टेरॉइडची ओळख. पाऱ्यामुळे मूत्रपिंडाला इजा होते. मिनामाता या पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाऱ्याचं प्रमाण 1 पीपीएमपेक्षा (दहा लाखांत एक भाग) जास्त असलेल्या सौंदर्यप्रसाधनांवर 2020पासून बंदी आहे, 2023मध्ये ती मर्यादासुद्धा काढून टाकायचं ठरलं, तरी माल फिरतोच. घटकांची यादीच नसलेली डबी, 'कॅलोमेल' (पाऱ्याचाच एक क्षार) किंवा 'मर्क्युरी'शी नातं सांगणारं नाव, किंवा 'लावताना सोन्या-चांदीचे दागिने काढून ठेवा' अशी सूचना दिसली की डबी तिथेच ठेवा. साध्या क्रीमला दागिन्यांशी काय देणंघेणं?

तर आता तुमचा प्रश्न. महागडा संच की स्वयंपाकघर? मला वाटतं, या दोघांच्या मधली जागा तुमच्या नजरेतून सुटली आहे. औषधाच्या दुकानात खालच्या फळीवर, बिनसुंदर पॅकिंगमध्ये जे पडलेलं असतं, ते. पेट्रोलियम जेली घ्या. व्हॅसलीनचं पेटंट 1872चं. इतक्या वर्षांत त्वचेतून उडून जाणारं पाणी रोखण्यात तिच्या पुढे गेलेलं फारसं काही नाही. चांगल्या दर्जाच्या जेलीने पाणी उडणं 98 टक्क्यांपर्यंत कमी होतं. रात्री मॉइश्चरायझरवर, जिथे सोललंय आणि चुरचुरतंय तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी बोटावर घेऊन पातळ पसरवा. चिकट लागते, उशीला लागते, हे खरं. पण काम करते.

मॉइश्चरायझर निवडताना पुढची जाहिरात न वाचता मागची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, 1 टक्क्याच्या खालचे मात्र कसेही मागेपुढे लिहिता येतात. म्हणून पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन दिसलं तर चांगली खूण. आणि पुढे ज्या दुर्मीळ फुलाचं मोठं चित्र आहे ते यादीत सुगंधाच्याही खाली असेल, तर त्या फुलाचे पैसे देऊ नका. 'नैसर्गिक', 'हायपोॲलर्जेनिक' (म्हणजे ॲलर्जी कमी करणारं), 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेलं' हे शब्द बहुतेक ठिकाणी हवे तसे छापता येतात. बिनवासाचं आहे का, एवढं मात्र जरूर बघा.

पैसे राखून ठेवायचे ते सनस्क्रीनसाठी. तेही फार महाग नको. एसपीएफ, म्हणजे ट्यूबवरचा ऊन अडवण्याचा आकडा, 30 असेल तर उन्हातली त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं साधारण 97 टक्के अडतात, 50 साधारण 98 टक्के. त्यापुढच्या मोठ्या आकड्यांसाठी जास्त मोजण्यात अर्थ नाही. यूव्हीए संरक्षणाची खूण आहे ना एवढं पाहा, कारण डाग गडद करण्यात त्या किरणांचा हात मोठा. खरी गोम प्रमाणात आहे. प्रयोगशाळेत चाचणी होते ती दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून, आणि आपण लावतो त्याच्या निम्मं किंवा पावच. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं सनस्क्रीन लागतं, सुमारे सव्वा ग्रॅम. म्हणजे रोज एकदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब 40 दिवसांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, त्याचा टिळा लावता. म्हणूनच सनस्क्रीन महागडं घेऊन जपून वापरण्यापेक्षा परवडणारं घेऊन सढळ हाताने लावावं.

चुरचुरणं पूर्ण थांबल्यावर, आणि थांबल्यावरच, डागांसाठी एक, फक्त एक गोष्ट सुरू करा. 4-5 टक्के नायसिनमाइड (ब-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) हा परवडणारा आणि सहसा सोसणारा पर्याय. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा तिथेच लावून बघा. काही झालं नाही तर चेहऱ्यावर. मग दोन-तीन महिने धीर धरा. वरची त्वचा पूर्ण बदलायलाच महिनाभर किंवा जास्त लागतो, त्यामुळे आठ दिवसांत फरक दाखवणारी वस्तू नेमकं काय करते याचा मनात संशय धरावा. दोन नव्या वस्तू एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं, तर दोष कोणाचा हे कळायलाही मार्ग राहत नाही. तुमच्या निम्म्या बाटल्या 'मानवल्या नाहीत' त्या याच गोंधळात असाव्यात, अशी मला दाट शंका आहे.

कपाटातल्या रांगेचं काय? उघड्या बाटल्यांतलं ज्याचा वास, रंग किंवा पोत बदललाय ते फेका. न उघडलेलं परत होत असेल तर परत करा, नाहीतर कोणाला देऊन टाका. उघडलेली बरणी मात्र कोणाला देऊ नका, त्यात आपली बोटं बुडालेली असतात. न मानवलेलं साधं क्रीम हातापायांना संपतं. एवढं झालं की कपाटात काय आहे याची यादी मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि पुढचा सेल लागला की आधी ती उघडा.

धाकटीशी बोलणं मात्र तेवढं सोपं नाही. 16 वर्षांच्या मुलीला 'हे करू नकोस' म्हटलं की ती दार लावून करते. तिला तुमचे डाग दाखवा आणि हे कशाने झालं ते सरळ सांगा. पीएचची गोष्टही सांगा, या वयात फसफसण्याचं रसायनशास्त्र तुमच्यापेक्षा तिला जास्त पाठ असेल. मुरुम अस्वच्छपणामुळे येत नाहीत, या वयातल्या हार्मोन्समुळे तेलग्रंथी जोरात असतात म्हणून येतात, हे तिला कोणीतरी सांगायला हवं, कारण घासघासून चेहरा धुणारी मुलं बहुतेक या एकाच गैरसमजापायी घासत असतात. लिंबू काढून घेताना तिच्या हातात दुसरं काहीतरी द्या. सौम्य फेसवॉश, सनस्क्रीन आणि मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड, पण 2.5 टक्क्यांचं. सूज आलेल्या मुरुमांवर 2.5 टक्के हे 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि कमी जाळतं, असं 1986 सालीच दिसून आलं आहे. तेही आठवड्यातून दोन-तीन रात्रींपासून सुरू करायचं. एक सूचना, ते टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरेफटक करतं, म्हणून जुना टॉवेल वापरायला सांगा, नाहीतर घरात वेगळाच वाद सुरू होईल. फोड मोठे, दुखरे, गाठींसारखे असतील किंवा व्रण पडत असतील, तर दुकानातलं काहीच न लावता तिला थेट डॉक्टरकडे न्या.

तुम्हीही जा. दोन आठवड्यांत चुरचुरणं कमी झालं नाही, फोड आले, पाणी सुटू लागलं किंवा डाग पसरत गेले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवण्यात चालढकल नको. एका भेटीचा खर्च त्या संचाच्या तुलनेत कसा बसतो हे बघाच, अंदाज चुकण्याची शक्यता आहे. जाताना चेहऱ्याला जे जे लावलंत त्या सगळ्या बाटल्यांचे, विशेषतः मागच्या घटकांच्या यादीचे फोटो काढून न्या. घरचे लेप कागदावर लिहून घ्या, काय, किती दिवस आणि लावल्यावर उन्हात गेला होतात का. लिंबू-सोडा सांगायला लाजू नका, त्यांनी याहून कितीतरी चमत्कारिक प्रकार ऐकलेले असतात. आणि जाण्याच्या दिवशी चेहऱ्याला मेकअप लावू नका, डाग झाकले तर ते बघणार काय?